‘पोव्र पिएरो’: चार मिनिटांची प्रत, पंधरा मिनिटांचा खेळ

‘पोव्र पिएरो’ हा फ्रान्सच्या शार्ल-एमिल रेनोने हातानं रंगवलेल्या हलत्या चित्रांचा खेळ. इंटरनेटवर फुकट पाहायला मिळणारी त्याची प्रत साधारण चार मिनिटांची आहे. ती एकदा पाहून ‘जुनं आहे, हलतंय, बरं आहे’ एवढं म्हणून पुढे जाणारेच जास्त. यात पाहणाऱ्याचा दोष फारसा नाही. २८ ऑक्टोबर १८९२ पासून पॅरिसच्या म्युझे ग्रेवॅं या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात लोक तिकीट काढून जे पाहत होते, ते बारा ते पंधरा मिनिटं चालायचं. सोबत पियानो असायचा, गाणं असायचं, आणि पडद्यामागे एक माणूस दोन्ही हातांनी सगळा खेळ चालवायचा. चार मिनिटांच्या फाइलमध्ये चित्रं उरली आहेत, चालवणारा नाही. म्हणून ही फाइल कशी पाहावी, तिच्यातलं अस्सल काय आणि गेलेलं काय, हे आधी कळलं तर पाहण्यात मजा येते.

गोष्ट अगदी छोटी आहे. रात्रीची वेळ, कोलोंबीनच्या घरापुढचं अंगण. तिचा प्रियकर आर्लकॅं भिंत ओलांडून आत येतो, दोघं भेटतात. तेवढ्यात पिएरो येऊन टपकतो. आर्लकॅं लपतो. पिएरो कोलोंबीनची मनधरणी करतो, ती दाद देत नाही. मग तो तिच्यासाठी गाऊ लागतो आणि लपलेला आर्लकॅं मागून काठीनं त्याला हैराण करतो. कोण मारतंय ते पिएरोला कळत नाही. शेवटी घाबरून तो पळ काढतो आणि अंगण त्या दोघांचं होतं. बस.

हा प्रेमाचा त्रिकोण रेनोने शोधलेला नाही, आणि त्यानं तसा आवही आणलेला नाही. ही पात्रं कोमेदिया देल्लार्ते या जुन्या इटालियन विनोदी नाट्यप्रकारातून फ्रान्समध्ये आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या तेआत्र दे फ्युनांब्युल या नाट्यगृहात जाँ-गास्पार दब्युरो या मूकनटानं पिएरोला आज ओळखीचा असलेला वेश दिला: पांढराफटक चेहरा, सैल पांढरा अंगरखा, डोक्याला घट्ट बसणारी काळी टोपी. १८९२ सालच्या पॅरिसकराला तिघं पडद्यावर येताच कोण कोणाचं आणि मार कोण खाणार हे माहीत असायचं. गवळणीत पेंद्या आला की आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, तसंच. रेनोनं याचा पुरेपूर फायदा घेतला. ओळख करून देण्यात एकही चित्र खर्च झालेलं नाही. एकेक चित्र हातानं रंगवायचं असेल तर ही काटकसर मोठी.

जाता जाता एक गोष्ट सर्कसप्रेमींसाठी. त्याच दशकात पॅरिसच्या नूव्हो सिर्कमध्ये फुटीत आणि शोकोला ही विदूषकांची जोडी गाजत होती. तिथे पांढरं तोंड रंगवलेला फुटीत हुकूम सोडायचा, थपडा मारायचा, आणि शोकोला त्या खायचा. म्हणजे सर्कशीत पांढऱ्या तोंडाचा मारणारा आणि मूकनाट्यात पांढऱ्या तोंडाचा मार खाणारा. चेहरा तोच, अधिकार उलटा. रेनोला ही दोन्ही जगं ठाऊक होती. पहिल्याच कार्यक्रमात ‘पोव्र पिएरो’च्या जोडीला ‘क्लाउन ए से शियँ’ हा विदूषक आणि त्याच्या कुत्र्यांचा खेळ होता, आणि १८९६ मध्ये त्यानं खुद्द फुटीत-शोकोलाला घेऊन ‘गियोम तेल’ ही छायाचित्रांवर रंगकाम केलेली पट्टी केली. ती आज उरलेली नाही.

आता यंत्र. ते समजून घेतल्याशिवाय या प्रतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शार्ल-एमिल रेनोने १८७७ मध्ये प्रॅक्सिनोस्कोप नावाचं खेळणं केलं. गोल डब्याच्या आतल्या बाजूला बारा चित्रांची कागदी पट्टी आणि मधोमध बारा आरशांचं कडं. डबा फिरवला की आरशात चित्र हलताना दिसतं, पण घसरत नाही. मर्म आरशांच्या जागेत आहे. आरसा पट्टी आणि आस यांच्या बरोबर मध्ये असला पाहिजे, म्हणजे आरशाच्या कड्याचा व्यास पट्टीच्या व्यासाच्या निम्मा. मग आरशातली प्रतिमा नेमकी आसावर पडते, आणि आस तर जागचा हलत नाही. हे खेळणं घरी करायला घेणाऱ्यांची फजिती नेहमी इथंच होते. पट्टी आणि आरशांमधलं अंतर काही मिलिमीटरनं चुकलं की चित्र डावी-उजवीकडे झुलत राहतं. एखादा आरसा किंचित तिरका बसला तर प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी चित्र उडी मारतं. आरसे नीट असूनही चित्र झुलत असेल, तर पट्टी डब्याच्या भिंतीला चिकटून बसली आहे का ते पाहावं.

बारा चित्रांत कथा मावत नाही, तेच ते फिरत राहतं. रेनोने १८८८ च्या अखेरीस ज्या तेआत्र ऑप्तिकचं, म्हणजे हलती चित्रं पडद्यावर टाकणाऱ्या यंत्राचं, पेटंट मागितलं, त्यात डब्याची जागा लांबलचक पट्टीनं घेतली. जिलेटिनचे चौकोनी तुकडे, त्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, वरून संरक्षक लेप. हे तुकडे एकापुढे एक जोडून पट्टी तयार व्हायची आणि दोन चित्रांच्या मध्ये भोक असायचं. भोकांत चाकाचे दाते अडकायचे आणि चित्र ठरल्या जागी यायचं. ‘पोव्र पिएरो’ची पट्टी ३६ मीटर लांब, चित्रं ५००. म्हणजे एका चित्राला सुमारे सात सेंटिमीटर जागा.

दिवे दोन. एका दिव्यानं अंगणाचं स्थिर चित्र पडद्यावर पडायचं. दुसऱ्याचा प्रकाश पट्टीतून, मग फिरत्या आरशांवरून, मग भिंगातून जायचा आणि एका तिरक्या आरशानं पडद्यावर टाकला जायचा. पट्टीवर पात्रांभोवतीची सगळी जागा काळी रंगवलेली होती, त्यामुळे पात्रांखेरीज प्रकाशाचा ठिपकाही पडद्यावर जात नसे. पात्रं अंगणात आल्यासारखी दिसायची, आणि ५०० वेळा अंगण रंगवण्याचं काम वाचायचं. स्थिर पार्श्वभूमी आणि हलती पात्रं वेगळी ठेवण्याची ही पद्धत पुढे कार्टूनपटांनी काचेसारख्या पारदर्शक पत्र्यांवर वापरली. इथे ती प्रकाशातच केलेली आहे.

या पद्धतीची एक अडचण आजच्या प्रतीतही डोळ्यांत भरते. आर्लकॅं चालतो तेव्हा त्याचे पाय पाहा. जमीन एका दिव्याची, पाय दुसऱ्याचे. पट्टी जराशी थरथरली तरी पाय जमिनीवरून घसरतात. पात्रांच्या अंगातून मागची भिंतही कधी कधी पुसटशी दिसते, कारण दोन्ही प्रकाश एकावर एक पडलेले आहेत. पिएरोच्या पांढऱ्या कपड्यांत हे सगळ्यांत कमी जाणवतं, आर्लकॅंच्या गडद रंगांत जास्त. पिएरोला नायक करण्यामागे हे कारण होतं असं आम्ही म्हणणार नाही, पण पांढरा माणूस या यंत्राला मानवतो एवढं नक्की.

पडदा अर्धपारदर्शक होता आणि यंत्र त्याच्या मागे. प्रेक्षकांना रेनो दिसत नसे. तो दोन आडव्या रिळांपाशी उभा राहायचा, एका हातानं पट्टी सोडायची, दुसऱ्यानं गुंडाळायची. मोटार नाही, ठरलेला वेग नाही. आणि म्हणूनच पुढचा हिशेब महत्त्वाचा आहे.

५०० चित्रं आजच्या हिशेबानं, सेकंदाला बारा या गतीनं सरळ चालवली तर सगळा खेळ ४२ सेकंदांत आटोपतो. बारा मिनिटं धरली तर सेकंदाला सरासरी एक चित्रसुद्धा येत नाही. पण हालचाल डोळ्याला पटायला सेकंदाला आठ-दहा चित्रं तरी लागतात. हे दोन्ही खरं असायला एकच मार्ग: चित्रं चालायची, थांबायची, मागे जायची, परत पुढे यायची. पिएरोच्या पाठीत काठी बसते ती चार-सहा चित्रं पुढे-मागे करत राहिलं की काठी हवा तितका वेळ बसत राहते. प्रेक्षक हसतायत तोवर मारा, हसू ओसरलं की पुढे चला. कोलोंबीन नकार देते तिथे पट्टी थांबवून पिएरोला तसंच ताटकळत ठेवता येतं. विनोदाची वेळ चित्रात रंगवलेली नव्हती, ती रेनोच्या मनगटात होती.

तुलनेसाठी सुरुवातीचा सिनेमा दाखवणाऱ्या ल्युमिएर बंधूंची पट्टी घ्या: सुमारे १७ मीटर, जवळजवळ ८०० चित्रं, पन्नासेक सेकंदांत संपणारी. तिच्यात यंत्र चालवणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं, हँडल एकसारखं फिरवायचं एवढंच.

उरलेल्या चित्रांवरून पुन्हा जुळवलेली चार मिनिटांची आवृत्ती या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकते. तिच्यात थांबे आणि पुनरावृत्ती आहेत, नाहीतर चार मिनिटंही भरली नसती. पण ते जुळवणाऱ्याच्या अंदाजानं एकदाच ठरवून टाकलेले आहेत. लपलेल्या आर्लकॅंची काठी आणि पिएरोचं दचकणं यांच्यामध्ये हवा तेवढा दम नाही. विनोद कळतो, पण हसू येईपर्यंत पुढचं सुरू झालेलं असतं. आमची मुख्य तक्रार हीच. या प्रतीचं मोलही कमी नाही, कारण तिच्याशिवाय हे काम बहुतेकांना दिसलंच नसतं. पण पंधरा मिनिटांच्या खेळाचा हा सारांश आहे हे शीर्षकात लिहिलेलं नसतं.

आवाजाबद्दल. आर्लकॅंच्या हातातली काठी साधी नाही. रंगमंचावरच्या खऱ्या आर्लकॅंकडे दोन पातळ फळ्या एका टोकाला जोडलेली काठी असायची. ती हळू मारली तरी फळ्या एकमेकींवर आपटून फाडकन आवाज यायचा, लागायचं कमी आणि वाजायचं जास्त. हा आवाज नसेल तर त्या माराला अर्थ नाही. रेनोने त्याची सोय पट्टीतच केली होती. ठरावीक चित्रांपाशी पट्टीवर धातूचा तुकडा बसवलेला असायचा, तो आला की विजेचं मंडल पुरं व्हायचं आणि विद्युतचुंबक ठोका द्यायचा. त्यामुळे पट्टी कितीही वेगानं, कितीही वेळा पुढे-मागे केली तरी काठी आणि आवाज चुकत नसत. आज मिळणाऱ्या काही प्रतींवर अपलोड करणाऱ्यानं हाताशी आलेला कुठलाही पियानो चिकटवलेला असतो, काहींवर आवाजच नसतो. पहिल्या दहा सेकंदांत संगीत आणि हालचाल यांचा काही संबंध दिसला नाही तर आवाज सरळ बंद करावा. मूळ संगीत गास्तों पोलॅं या संगीतकारानं खास या पट्ट्यांसाठी केलेलं होतं, आणि पिएरोचं गाणं प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष गायलं जायचं.

पाहण्यासाठी काही सूचना. टीव्हीवर पाहत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग आधी बंद करा. नव्या टीव्हींत ती बहुधा चालूच असते आणि दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं चित्रं घालते. इथे दोन चित्रांतलं अंतर मोठं असल्यामुळे पिएरोचे हात वितळल्यासारखे दिसू लागतात. खोलीत अंधार करा. मूळ चित्रं मंद दिव्याच्या प्रकाशासाठी रंगवलेली आहेत, लख्ख पडद्यावर काळी पार्श्वभूमी राखाडी होते आणि पात्रांभोवती चौकट दिसू लागते. ब्राइटनेस थोडा उतरवला की ती चौकट नाहीशी होते.

पहिल्यांदा आहे तसं पाहा. दुसऱ्यांदा संगणकावर लावा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की व्हिडिओची एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाचं दाबलं की एक मागे येते. काठीच्या प्रसंगाशी जाऊन ही दोन बटणं आलटून पालटून दाबा. पाच-सहा चित्रं पुढे, तेवढीच मागे, मग क्षणभर थांबा. थांबण्याची वेळ बदलत राहा. एकाच मारातून चिडवणारा आर्लकॅं, क्रूर आर्लकॅं आणि कंटाळलेला आर्लकॅं असे तीन निघतात. फिल्म सोसायटीत किंवा कॉलेजात दाखवत असाल तर हे काम प्रेक्षकांतल्याच एखाद्याकडे द्या आणि बाजूला पेटीवाला किंवा पियानोवाला बसवा. खटक्यासाठी दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या तरी चालतं, फक्त ठोका बटण दाबणाऱ्यानंच द्यायचा. दुसऱ्याकडे दिला की हमखास मागे पडतो.

आता चित्रांविषयी. पिएरो उत्तम आहे. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते प्रत्येक चित्रात कळतं, खांदे आधी वळतात आणि डोकं मागून येतं. आर्लकॅंची चपळाई दिसते, पण त्याच्या काही हालचाली फार कमी चित्रांत उरकलेल्या आहेत. कोलोंबीन मात्र निराशा करते. ती येते, भेटते, नाकारते आणि जाते. त्रिकोणाचं तिसरं टोक असून तिला स्वतःची एकही गंमत दिलेली नाही. मूकनाट्याच्या परंपरेत कोलोंबीन या तिघांत सर्वांत हुशार असते, त्यामुळे हे जास्त खटकतं. ज्याला दोन पुरुषांची मारामारी पुरते त्याला चालेल, पण ‘प्रेमाचा त्रिकोण’ म्हणून पाहायला बसाल तर दोन बाजूच दिसतील.

रंग आज उतरलेले आहेत. वापरलेले रंग प्रकाशात फिके पडतात, आणि ही पट्टी तर दिव्यापुढेच नाचायची. जिलेटिन दमटपणात फुगतं, कोरडेपणात आक्रसतं, त्यामुळे तडे जातात आणि चित्राचा चौकोन वाकडा होतो. त्यात वापर किती होता पाहा: १८९२ ते १९०० या काळात ग्रेवॅंमध्ये रेनोच्या पट्ट्यांचे बारा हजारांहून जास्त खेळ झाले आणि पाच लाखांवर लोकांनी ते पाहिले. करारानं त्याला महिना ५०० फ्रँक आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा मिळायचा, पण रोजचे खेळ त्यानंच चालवायचे, पट्ट्यांची डागडुजी त्यानंच करायची, आणि हे दुसरीकडे दाखवायचं नाही. दिवसभर रिळं फिरवणाऱ्या माणसाला नवी पट्टी रंगवायला वेळ कुठून मिळणार? एकेका पट्टीला महिनोन्‌महिने लागत. २८ डिसेंबर १८९५ ला त्याच शहरातल्या ग्राँ काफेत ल्युमिएर बंधूंनी दिवसाला हव्या तितक्या पट्ट्या काढणारं यंत्र दाखवलं. तेच यंत्र ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचलं. तेआत्र ऑप्तिक ग्रेवॅंच्या बाहेर जाऊच शकत नव्हतं.

१९०० मध्ये खेळ बंद झाले. पुढे हलाखीत रेनोने यंत्र फोडलं आणि जवळजवळ सगळ्या पट्ट्या सीन नदीत फेकल्या. चित्रपट्ट्यांपैकी ‘पोव्र पिएरो’ आणि १८९४ ची ‘ओतूर दून काबीन’ या दोनच वाचल्या. ९ जानेवारी १९१८ ला तो इव्री इथं वारला. रेनोच्या खेळांचा जो ठेवा उरला त्याची नोंद २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली, आणि २८ ऑक्टोबर हा दिवस २००२ पासून जागतिक अ‍ॅनिमेशन दिन म्हणून पाळला जातो.

मराठी वाचकाला इथे कल्याणची आठवण येणं साहजिक आहे. पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे जादूच्या कंदिलाचा खेळ, याच काळातली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, दिवे, आणि खेळ चालवणारा माणूस. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण ज्यांनी शांबरिक खरोलिकेबद्दल वाचलंय त्यांना रेनोच्या चार मिनिटांत काय हरवलंय हे लवकर उमजेल, कारण तिथेही नुसत्या काचा पाहून खेळ समजत नाही.

‘पोव्र पिएरो’ एकटा पाहू नका, लगेच ‘ओतूर दून काबीन’ लावा. समुद्रकिनारा, कपडे बदलण्याच्या खोपटात डोकावणारा एक आगाऊ माणूस आणि त्याची होणारी फजिती. ६३६ चित्रं, ४५ मीटर पट्टी. दोन वर्षांत रेनोचा हात किती सुधारला ते पाण्यात सूर मारणाऱ्या पात्रांत दिसतं. इथल्या बाईला करण्यासारखंही जास्त आहे. वेळ एकाच पट्टीसाठी असेल आणि नुसती करमणूक हवी असेल तर हीच लावा. ‘पोव्र पिएरो’ निवडा तो काठीसाठी, आणि बोट त्या दोन बटणांवर ठेवून.